डावा पाइप

ए, तो मोबाइल खाली ठेव. आणि हसायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे.

साडू रंगारी. कारखान्यातल्या पाइपांवर रंगाचे पट्टे मारायचा. हिरवा म्हणजे पाणी, पिवळा म्हणजे गॅस. गेल्या वर्षी, जानेवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचा एक वाजलेला. सुट्टीमुळे कारखाना बंद होता. सकाळी पाण्याचा पाइप कापायला वेल्डर येणार होता, आणि तो वेल्डर म्हणजे साडूचाच पोरगा. पट्टा चुकला असता तर पोरगा हाती लागला नसता.

भिंतीतून दोन पाइप आरपार गेलेले. दोन्ही गंजके, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. पलीकडे पंपाची खोली, कुठला पाइप पंपाला जोडलाय ते तिथूनच दिसायचं. जोडीदार लंबू तिकडे गेला होता. त्यांचं ठरलेलं असायचं, साडूनं पाइपवर दोनदा ठोकायचं. पाण्याचा असला तर लंबूनंही दोनदा. नसला तर ठोकतच राहायचं.

फोरमन सांगून गेला होता, "डावा पाण्याचा." साडूनं डाव्यावर ठोकलं. उत्तर नाही.

"झोपला वाटतं लेकाचा," म्हणत त्यानं ब्रश हिरव्यात बुडवला. आता टेकवणार, तोच...

टक्. टक्. टक्. टक्.

"अरे हो, कळलं!"

थांबेना. जोरात... अजून जोरात. मग आवाज सरकायला लागला. पाइपच्या आतून. भिंतीतून. त्याच्याकडे...

साडूची पाचावर धारण बसली. ब्रश मागे घेतला.

सगळं गप्प.

त्यानं उजव्यावर ठोकलं.

टक्. टक्.

कसाबसा त्यानं उजव्यावर हिरवा पट्टा ओढला. तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. साडू किंचाळलाच. बघतो तर लंबू!

"बोंबलतोस काय? पंपाच्या खोलीची चावीच सापडत नाहीये. वॉचमनबरोबर तासभर शोधतोय."

साडूनं त्याला ओढतच बाहेर नेलं. रात्रभर दोघं फाटकाशी बसून राहिले.

सकाळी चावी मिळाली. पोरानं उजवा पाइप कापला, पाणीच आलं. डावा तपासला, तर गॅसनं भरलेला. साडू पोराला पोटाशी धरून ढसाढसा रडला.

"बाबा, अहो लोक बघतायत," पोरगा लाजून म्हणाला. मग खोलीचं कुलूप काढून आत डोकावला.

"बाबा, गॅसच्या पाइपवर आतल्या बाजूनं पिवळा पट्टा कधी मारलात?"

साडूनं जाऊन बोट लावलं. रंग ओला होता. पिवळ्याचा डबा तर त्यानं अजून उघडलाच नव्हता.