आधीच म्हटलेली गाणी

आम्ही गिरगावातून भाईंदरला जेसल पार्कमध्ये राहायला आलो ते १९८७ साल होतं. मी तेरा वर्षांचा होतो. चाळीतल्या एका खोलीच्या जागी वन रूम किचन मिळालं म्हणून आई खूश होती. पाणी टँकरने यायचं, रस्त्यावर दिवे नव्हते, पण खिडकीतून खाडीपर्यंत पसरलेली मिठागरं दिसायची आणि दुपारी त्यांच्यावरून आमच्या छतावर उजेड हलायचा.

दुसऱ्या मजल्यावर रोशन राहायचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचा मावसभाऊ गल्फला जाताना एक लाल इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्प्लिफायर मागे ठेवून गेला होता. रोशनला बेस वाजवायचा होता, म्हणून गिटार माझ्याकडे आली. सहा महिन्यांत बोटांना घट्टे पडले आणि खालच्या मजल्यावरचे शाहकाका आठवड्यातून दोनदा वर येऊ लागले. ते कधी चिडले नाहीत. दारात उभे राहून म्हणायचे, "बेटा, थोडा धीरे कर ने." मग आईला वाईट वाटायचं आणि ती मला बाहेर काढायची.

जागेचा प्रश्न शिवाने सोडवला. तो माझ्या वर्गात होता, राई गावचा. गावातल्या हळदींमध्ये तो ढोल वाजवायचा. एका लग्नाच्या बँडवाल्याने टाकून दिलेला ड्रमसेट त्याने मिळवला होता आणि तो आत्याच्या पडवीत लावला होता. रेल्वेचं फाटक ओलांडून, पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्याने सायकल मारत मी आणि रोशन तिथे पोचायचो. आत्याचं घर गावाच्या टोकाला, खाडीच्या बाजूला. पलीकडे नुसता चिखल आणि तिवरं. तक्रार करणारं कोणी नव्हतं.

आत्याचं नाव सुगंधा. पन्नाशीच्या आतबाहेर, विधवा, मूलबाळ नाही. वीस वर्षं मिठागरात काम केल्यामुळे तिच्या तळपायांना पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. आम्ही वाजवत असलो की ती ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची आणि आमच्याबरोबर गुणगुणायची. अॅम्प्लिफायरच्या आवाजात तिचं काही ऐकू यायचं नाही. ओठ हलताना दिसायचे, आणि सुपाच्या कडेवर बोटं शिवाचा ठेका धरायची.

आमच्या बँडचं नाव 'हाय टाइड'. पंधराव्या वर्षी मी पहिल्यांदा स्टेजवर चढलो, एका कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये. बाकीचे सगळे बँड परदेशी गाणी वाजवत होते. आम्ही आमचं एक मराठी गाणं वाजवलं आणि पोरांनी ते पुन्हा वाजवायला लावलं. तिथून पुढे गाणी करायची हे माझं काम झालं.

त्याच वर्षीची गोष्ट. एका शनिवारी मी राईला लवकर पोचलो. शिवा आणि रोशन यायचे होते. सुगंधाआत्या ओट्यावर होती आणि गुणगुणत होती. मी सायकल लावली, गिटारची पिशवी काढली आणि तिथेच थांबलो. ती जी चाल म्हणत होती ती मी सकाळी आंघोळ करताना केली होती. कुणाला ऐकवली नव्हती. गिटारवरही वाजवली नव्हती.

मला वाटलं, आपण हिचंच काहीतरी मागे कधी ऐकलं असेल आणि ते डोक्यात राहिलं असेल. असं होतं. हळदीचं एखादं जुनं गाणं असेल. मी तिला विचारलं, ती म्हणाली ठाऊक न्हाय, तोंडात आलं. मी तो विषय सोडून दिला.

पण पुढच्या दोन महिन्यांत ते आणखी तीनदा झालं. तेव्हा मी एक प्रयोग केला. मला गणित आवडायचं, आणि या गोष्टीला काहीतरी साधं कारण असणार याची खात्री होती. घरी ल्युडोचा फासा होता. सहा आकडे म्हणजे सहा सूर असं ठरवून मी चोवीस वेळा फासा टाकला आणि पडतील ते सूर वहीत लिहिले. वाजवून बघितले नाहीत. मनातही म्हटले नाहीत. ती चाल कुणी मुद्दाम करणार नाही इतकी वेडीवाकडी होती. वही दप्तरात टाकून मी राईला गेलो.

आत्या बोंबील वाळत घालत होती. ती वेडीवाकडी चाल तिने सुरुवातीपासून चोविसाव्या सुरापर्यंत म्हटली. मग न थांबता पुढचे चार सूर म्हटले, आणि त्या चार सुरांमुळे मागचं सगळं सरळ झालं. ते गाणं झालं.

मी वही उघडून तिच्यासमोर धरली, पण तिला वाचता येत नव्हतं. मी विचारलं, "आत्या, हे गाणं कुणाचं? तुमचं की माझं?"

तिने हातातला बोंबील दोरीवर टाकला. "तू म्हनशील तवा तुजं," ती म्हणाली. "आता मी म्हनतंय."

घरी जाताना मी घाबरलेलो नव्हतो हे मला नीट आठवतं. मला फक्त कळत नव्हतं की मी चोर आहे का. हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षं पडायचा आणि त्याचं उत्तर मी शोधलं नाही. फाशाचं ते गाणं आमचं सगळ्यांत गाजलेलं गाणं ठरलं. एकोणिसाव्या वर्षी आमची पहिली कॅसेट निघाली. मुंबईत रंगभवनला वाजवलं, मग पुणे, बडोदा, बंगळूर. मासिकात फोटो आला तेव्हा बाबांनी तो ऑफिसात नेऊन दाखवला. शाहकाकांनी कॅसेट विकत घेतली आणि मला सही मागितली. मुलाखतीत लोक विचारायचे की चाली सुचतात कशा. मी म्हणायचो, खाडीवर जाऊन बसतो. ते खोटं नव्हतं. अडलो की मी राईला जायचो, ओट्यावर बसायचो, चहा घ्यायचो आणि वाट बघायचो. आत्या कधी लगेच म्हणायची, कधी चार दिवस नुसता माशांचा भाव सांगायची. शिवाला आणि रोशनला मी काही सांगितलं नाही. त्यांना वाटायचं मला तिचा लळा लागलाय. तोही लागला होताच.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात ती एक नवीन चाल म्हणत होती. संथ, छान होती. मी डोळे मिटून ऐकत होतो आणि काहीतरी कमी आहे असं वाटत होतं. डोळे उघडून बघितलं तर तिची बोटं सुपावर नुसती ठेवलेली होती. हलत नव्हती.

इतक्या वर्षांत मी ती बोटं थांबलेली पाहिली नव्हती.

"ठेका कुठे आहे?" मी विचारलं.

"यात न्हाय."

"शिवा कुठे आहे आत्या?"

"मला काय ठावं," ती म्हणाली. "मी गानं म्हनतंय."

दोन दिवसांनी आमचा पुण्याला कार्यक्रम होता. जीपने, घाटातून. त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही. शेवटी मी शिवाला खोटं सांगितलं की कार्यक्रम रद्द झालाय, रोशनलाही माझ्या खोट्यात घेतलं, आणि दुसरा एक ड्रमर घेऊन आम्ही गेलो. घाटात मी ड्रायव्हरला तीनदा हळू चालव म्हटलं. काही झालं नाही. आम्ही वाजवलं, बरं झालं, परत आलो.

मी सरळ राईला गेलो. शिवा पडवीत होता आणि त्याला कार्यक्रमाचं कळलं होतं. त्याने मला शिवी दिली नाही, नुसता माझ्याकडे पाठ करून ड्रमचे नट सैल करत राहिला. मग म्हणाला की त्या दिवशी घरीच होता म्हणून काकाबरोबर टेलिफोन खात्यातल्या एका इंटरव्ह्यूला गेला. जाणारच नव्हता. नोकरी लागली होती. जानेवारीपासून हजर व्हायचं होतं. "आता लगीन बी करतंय," तो म्हणाला. "बँड तुमी बघा."

त्याला मी खरं कारण सांगितलं नाही. आमचं बोलणं वर्षभर तुटलं, मग त्याच्या लग्नात पुन्हा जुळलं. पुष्पलता नावाची शेजारच्या मुरधा गावची मुलगी, हसरी. तो खूश होता. आजही आहे. ती ठेका नसलेली चाल मी एकट्या गिटारवर वाजवली आणि आमच्या दुसऱ्या कॅसेटचा शेवट तिनेच झाला.

शहाण्णवच्या मार्चमध्ये सुगंधाआत्या झोपेत गेली. तिच्यामागे आपल्याला काही सुचणार नाही अशी माझी खात्री होती. पण सुचलं. पहिल्यासारखंच सुचलं. ते कुठून येतं याचा शोध घ्यायचा तर कुठे घ्यायचा, म्हणून मी समाधान मानलं. माझं लग्न झालं. नीलम बँकेत होती. आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये फ्लॅट घेतला. आता आमच्याही खालच्या मजल्यावर एक काका आहेत, त्यांना ऐकायला कमी येतं.

नव्याण्णवच्या ऑगस्टमधला रविवार. सकाळी मी एक चाल केली आणि पहिल्याच फटक्यात जमली. अकराच्या सुमारास शिवा आला. त्याच्या हातात एक कॅसेट होती. आत्याचं घर पाडून नवं बांधत होते, तेव्हा माळ्यावर सापडली होती.

"यात आत्या हाय," तो म्हणाला. "शेवटल्या दिवाळीत मी नवीन टेप आनलेला. तिला सांगितला, बोल कायतरी. ती गातच बसली."

आम्ही दोघांनी ऐकायला सुरुवात केली. तिच्या आवाजाने शिवाचे डोळे भरले. पहिली चाल संपली तेव्हा तो हसून म्हणाला, ही तुझीच की. त्याने तारखेचा विचार केला नाही. त्याला ड्यूटी होती, अर्ध्या तासाने तो गेला.

मी ऐकत राहिलो. दिवाळी पंच्याण्णवची कॅसेट. शहाण्णवची चार गाणी. सत्त्याण्णवची तीन. मग अठ्ठ्याण्णवची. सगळी क्रमाने, मी केली त्याच क्रमाने.

मग आज सकाळची.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं, तिने पुरेसं ठेवून दिलंय असं. आज सकाळची चाल संपली. टेपवर तिने पाणी प्यायलेलं ऐकू आलं. भांडं खाली ठेवलं. मग तिने एक नवीन चाल सुरू केली, मला ठाऊक नसलेली.

दोन ओळींनंतर ती अडली.

"तसं नाही," टेपवर दुसरा आवाज म्हणाला. लहान मुलीचा, चार-पाच वर्षांच्या. "बाबा असं वाजवतात."

आणि ती गाऊ लागली.

आत्याच्या त्या घरात लहान मूल कधीच नव्हतं. राईत कुणी असं बोलतही नाही. तिचं बोलणं आमच्यासारखं होतं.

दाराशी नीलम उभी होती. कधी आली मला कळलं नाही. ती सकाळपासून बाहेर होती, कुठे ते मला सांगून गेली नव्हती. पर्स खांद्याला तशीच, हातात तपासणीच्या रिपोर्टचा एक लिफाफा, अजून चिकटवलेला होता तसा.

"कोण आहे ही?" तिने विचारलं.

टेपवरची मुलगी गाता गाता थांबली.

"आई," ती म्हणाली, "उभी का आहेस? बस ना."

नीलम माझ्याशेजारी बसली. मग मुलीने गाणं पुढे सुरू केलं.