बोटी बंद होत्या त्या दिवशी

धक्क्याला लागताना बोट एक दणका देते. रोजच्या माणसांच्या पायांत तो मुरलेला असतो. बोलता बोलता ती गुडघे जरा वाकवतात आणि पुन्हा बोलायला लागतात. पण त्या सकाळी एक मुलगी उभ्या उभ्या पेंगत होती. दणका बसला, ती शेजारच्या माणसावर आदळली, "सॉरी" म्हणाली आणि गर्दीबरोबर उतरली. ट्रामच्या थांब्यावर पिशवीत हात घातला, सगळी पिशवी चाचपली. डबी नव्हती.

ती कवळ्या बनवायची. शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यामागे तिची लांबट खोली होती. तिथे मेण, प्लास्टर आणि पॉलिशचं चाक. राहायची खाडीच्या पलीकडे, बाबांबरोबर. डबीत एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी होती आणि दुपारी हेडमास्तरांना भाषण करायचं होतं.

ती ज्याच्यावर आदळली, त्याच्या खांद्याला कापडी पिशवी होती, तोंड उघडं असलेली. केस ओले. गळ्यात शिट्टी. डबी गेली असणार ती त्याच्या पिशवीत, नाहीतर समुद्रात. समुद्राला विचारण्यात अर्थ नव्हता. ओले केस आणि शिट्टी म्हणजे पोहण्याचा तलाव, असा हिशेब करून तिने तलावाकडे जाणारी बस पकडली.

तलावावर मावशांचा वर्ग चालू होता. सगळ्या जणी कठड्याला धरून गळ्यापर्यंत पाण्यात, आणि तो काठावर उकिडवा बसून डबी दाखवत होता.

"मावशी, शेवटचं विचारतो. हे दात कुणाचे?"

"माझे!" ती दारातूनच ओरडली.

सगळ्या मावशांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे… मी बनवलेले," ती म्हणाली.

"असं होय!" तो उठला. "मी मघापासून विचार करतोय, इतके देखणे दात कोण पिशवीत टाकून जाईल?"

कौतुकाची तिला सवय नव्हती. कवळी चांगली बसली की माणसं तिला विसरून जातात. आठवण येते ती टोचायला लागली की. ती डबी घेऊन निघाली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण आभारसुद्धा मानले नाहीत.

ते दुसऱ्या दिवशी बोटीवर मानले. तो पहाटे पलीकडच्या शाळेत मुलांना पोहायला शिकवायचा आणि याच बोटीने परत यायचा, पुढे ट्रामने तलावावर. इतके दिवस ही दोघं एकाच बोटीत होती म्हणजे! ती पुढे उभी राहायची, तो इंजिनाजवळ उबेला. आता तीही इंजिनाजवळ उभी राहू लागली. तिथे मोठ्याने बोलावं लागायचं, त्यामुळे अर्ध्या बोटीला त्यांचं बोलणं पाठ झालं.

"आज कुणाचे दात?"

"सांगायचं नसतं."

"माझे कधी करणार?"

"तुमचे आहेत की अजून. बत्तीस."

"एकतीस. शाळेत असताना एक उडी चुकली होती."

"दाखव," ती म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे… दाखवा. कामाची सवय."

"दाखवच बरं होतं," तो म्हणाला, आणि त्याने आज्ञाधारकपणे आ केला. ती टाचा उंचावून बघायला लागली. सुळ्यामागे एक फट होती. बघून झाल्यावरही ती लगेच मागे सरली नाही, आणि त्यानेही तोंड मिटायची घाई केली नाही. शेवटी तिकीटवाल्यानेच विचारलं, "काय, दुखतंय का साहेब?"

तेव्हापासून 'तू'. घरी बाबा विचारायचे, "काय म्हणतोय आज तो शिट्टीवाला?" त्याच्याकडे त्याची आई विचारायची, "दातवाली भेटली का?" ज्यांना विचारायला हवं होतं, त्या दोघांनी मात्र एकमेकांना काहीच विचारलं नव्हतं. टेलिफोन नंबरसुद्धा नाही. उद्या बोट आहेच, मग नंबर कशाला?

आणि एके दिवशी ट्रामच्या थांब्यावर तो म्हणाला, "दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय. नवा तलाव. मुख्य प्रशिक्षक. राहायला खोली."

"अरे वा!"

"उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग कळव की. अशी संधी रोज येते का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?" ती म्हणाली. तिच्याच कानाला ते कोरडं लागलं.

ट्राम आली. ती चढली. तो खालीच उभा राहिला. "तू हो पुढे," म्हणाला, "मी मागच्याने येतो."

सकाळी रेडिओने सांगितलं, की बोटी, बस, ट्राम, सगळ्यांचा संप. ती पायांत बूट घालू लागली.

"दवाखाना बंद असेल ना?" बाबांनी विचारलं.

"असेल."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "शेजारचा बर्फाचा ट्रक पुलावरून वळसा घालून शहरात जातोय. लवकर जा, नाहीतर निघून जाईल."

खाडीला वळसा म्हणजे लांबचा पल्ला. ट्रकमध्ये मागे बर्फ आणि पुढे तिचं डोकं तापलेलं. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती आणि प्रत्येक वळणावर ते मोडत होतं. 'जा' म्हणून सांगणारी आपण, आता 'जाऊ नकोस' कोणत्या तोंडाने म्हणायचं?

त्याचं घर ट्रामच्या शेवटच्या थांब्यासमोर, 'शिलाई करून मिळेल' या पाटीच्या वर, हे त्यानेच कधीतरी बोटीवर सांगितलं होतं; तिनेही आपल्या घराची खूण सांगितली होती. दार त्याच्या आईने उघडलं. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या.

"दातवाली ना तू?" टाचण्या न काढताच तिने विचारलं.

"हो. तो… आहे का?"

आईने एकेक करून टाचण्या काढल्या. "तो तुझ्याकडे गेलाय."

"माझ्याकडे? कसा? सगळं बंद आहे!"

"शेजाऱ्यांची सायकल घेऊन. ब्रेक नाहीत रे तिला, म्हटलं. तर म्हणतो, मला वाटेत थांबायचंय कुठे!"

ती खुर्चीवर बसली. वाटेत कुठेतरी ती दोघं एकमेकांच्या शेजारून गेली असणार, ती शब्द जुळवताना आणि तो पाय मारताना. आईने तिच्यापुढे पाणी ठेवलं, नंतर टेलिफोन.

तिने घरचा नंबर फिरवला. बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो." बाबांचा आवाज नव्हता.

"पोचलास तू?"

"आत्ताच. तुमच्या फाटकावर आदळून थांबलो. बाबा चहा टाकताहेत. तू तिथे काय करतेयस?"

"तू तिथे काय करतोयस?"

आईने शिलाईच्या मशीनवर कापड लावलं होतं, पण मशीन काही चालू झालं नाही.

"विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "त्यांना काय कळवू?"

"मला कशाला विचारतोस? नोकरी तुझी…"

"पुन्हा तेच?"

ती टेलिफोनच्या वायरला बोटाने पीळ घालत राहिली. मग म्हणाली, "जाऊ नकोस."

"का?"

"का काय… मावशांना अजून नीट तरंगता येत नाही. आणि… आणि मला तू इथे हवा आहेस. माझ्याजवळ. झालं?"

पलीकडे कपबशी किणकिणली. मग बाबांचा आवाज, "काय म्हणाली?"

"बाबा!" ती ओरडली.

"ते कपबशी घेऊन उभे आहेत," तो म्हणाला. "ऐक. ती नोकरी मला काल ट्राम येण्याआधीच नको होती. पण तुला फरक पडतो की नाही, तेच कळेना. मी सारखा उद्यावर ढकलत होतो… माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"मोठ्याने बोल, इंजिनाजवळ बोलतोस तसा," बाबा म्हणाले. "तिला ऐकू गेलं नसेल."

मग तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की रिसीव्हरमधून ते आईलाही ऐकू गेलं. ती डोळ्यांना पदर लावून हसली आणि मशीन चालू केलं.

"मी लगेच निघते," ती म्हणाली.

"नको! मी निघतो."

"म्हणजे पुन्हा चुकामूक. एकाने जागेवर बसायचं."

"बसतो," तो म्हणाला. "तसंही सायकलचं पुढचं चाक आता गोल राहिलेलं नाही."

दुपारी संप मिटला. ती निघाली, तशी आईनेही दाराला कुलूप घातलं. "मी पण येते. तुझ्या बाबांना एकदा बघायला हवं." बोटीवर आई तिला त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगत राहिली. ती 'हं, हं' करत होती, पण डोळे धक्क्याकडे.

तो बोटीतून उतरायच्या फळीच्या अगदी तोंडाशी उभा होता. कपाळावर टेंगूळ, अंगात बाबांचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत आखूड. मागे बाबा उगाचच दुसरीकडे बघत होते. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि दोघंही फळीवरच उभी राहिली.

"काल तू ट्राममध्ये चढलीस ना," तो हळूच म्हणाला, "तेव्हाच हाक मारायला हवी होती."

"मारली असतीस तर उतरले असते."

"पुढे सरका, पुढे सरका!" मागून गर्दी ओरडली. "ताई, उतरायचंय की नाही?"

"उतरतेय," ती म्हणाली. पण हात काही सोडला नाही, आणि पाऊलही उचललं नाही.

"तुमचं चालू द्या," तिच्या खांद्यामागून आई म्हणाली, "पण मला तरी उतरू द्या."