नदीवरचा डाग

मास्तर आले ते तणतणतच. हातातली कापडी पिशवी मात्र त्यांनी टेबलावर इतकी हळू ठेवली, की किती राग गिळावा लागला ते लगेच कळलं.

"चोरी झालीय," ते म्हणाले. "चोर कोण तेही मला माहीत आहे. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

"चोर माहीत असेल तर पोलिसांकडे जा," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे माहीत नसलेले लोक येतात."

वहिनी खाजगी तपासाची कामं घ्यायची. तिचा दीर दिवसभर तिला वहिनी वहिनी करायचा, म्हणून येणारेजाणारेही तिला वहिनीच म्हणायला लागले होते. दिराला ती भाऊजी म्हणायची. भाऊजी माणूस सोन्यासारखा, पण डोकं म्हणजे उशिरा तापणारा तवा. वहिनीचं डोकं कायम तापलेलंच.

भाऊजींनी पाणी दिलं तेव्हा मास्तर खुर्चीत बसले. आयुष्यभर त्यांनी टेलरिंग केलं होतं. पैसे साठवून नाद एकच केला, निळ्या छापाच्या जुन्या विलायती प्लेटांचा. बारा प्लेटांचा एक संच होता, बारा नद्यांची बारा चित्रं. सहा मास्तरांकडे, सहा दातांच्या डॉक्टरबाईंकडे. बावीस वर्षं दोघं मिळून शोधत होते. एकानं दुसऱ्याच्या वाटणीची प्लेट कितीही स्वस्त मिळाली तरी स्वतःसाठी घ्यायची नाही, असा त्यांचा करार होता आणि तो एकदाही मोडला नव्हता. उद्या सकाळी दहाला वाचनालयाच्या हॉलमध्ये बाराच्या बारा पहिल्यांदा एका भिंतीवर लागणार होत्या.

"आता नाही लागणार," मास्तर म्हणाले. "माझ्या सहा मी देत नाही. आणि त्या बाईचं तोंड या जन्मात बघणार नाही."

घडलं होतं ते असं. वाचनालयाच्या पुस्तिकेसाठी फोटो काढायला मास्तरांनी एक प्लेट डॉक्टरबाईंना दिली आणि स्वतः अकरा दिवस बहिणीकडे गेले. ते नसताना बाईंनी प्लेट घरी आणून मास्तरांच्या सुनेच्या हातात दिली. मास्तर गुरुवारी परत आले. काल संध्याकाळी पिशवी उघडली, तर आत भलतीच प्लेट.

"माझ्या प्लेटवर नदीपाशी तपकिरी डाग होता. तळहाताएवढा. नदीवर आभाळ भरून आल्यासारखा दिसायचा. त्या डागासाठी तर मी ती घेतली होती. ही बघा, परिटाकडून धुऊन आल्यासारखी पांढरी. माझी खरी ठेवून घेतली आणि नवी नक्कल मारली गळ्यात. मला तर ही बघवतही नाही." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं ते फिरवलंच.

वहिनीनं प्लेट उजेडात धरली. मधे नदी, पूल, लांब एक किल्ला. काठानं फुलापानांची वेल.

भाऊजी वाकून बघत होते. खाली एका जागी अर्ध्या फुलाला अर्धं पान चिकटलेलं होतं. लावणाऱ्याला डुलकी लागली असावी, असं ते म्हणाले.

मास्तर खिडकीकडे बघूनच खेकसले. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्याचा छाप पातळ ओल्या कागदावर घ्यायचे आणि तो कागद कच्च्या प्लेटवर चिकटवायचे. काठाची वेल म्हणजे वेगळी पट्टी. कारखान्यातल्या बायका ती कात्रीनं कापून हातानं बसवायच्या, दिवसाला शेकड्यांनी. "तुम्ही एक बसवून दाखवा, मग हसा."

वहिनीनं पिशवी उलटी केली. जाड कापूस भरलेली, आत मरून रंगाचं अस्तर. अस्तरावर एक फिकट नारिंगी गोल उमटला होता, बांगडीहून बराच मोठा. मास्तरांनी सांगितलं की अस्तर नवंकोरं, त्यांनीच घातलेलं. बाईंनी त्यावर पाणी सांडलं असणार. वहिनीनं गोलावर अंगठा घासला आणि वास घेतला.

पिशवीचं तोंड मास्तर नेहमी शिवून बंद करायचे, म्हणजे वाटेत प्लेट हलायला नको. परत आली तेव्हाही शिवलेलीच होती का, असं तिनं विचारलं.

"होती. एकच लांब धावदोरा, हा बघा, अजून लोंबतोय. शिकाऊ हात. बाईंना शिवता येतंय कुठे."

---

जुन्या वस्तूंचा दुकानदार पोटावर हात ठेवून हसला. ती प्लेट मास्तरांकडे त्यानं सात वेळा मागितली होती, सातही वेळा शिव्या खाल्ल्या होत्या. मास्तर गावाला गेल्याचं कळल्यावर आठव्यांदा विचारायला तो घरीही जाऊन आला होता. सुनेनं त्याला दारातूनच परत पाठवलं, साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. फार घाईत होती म्हणे.

भाऊजींनी वहिनीला कोपरखळी मारली. वहिनीनं दुर्लक्ष केलं आणि नक्कल कशी ओळखायची ते विचारलं.

त्यानं फडताळातून एक नवी निळी प्लेट काढून दिली. नव्या प्लेटांचा काठ मशीनवर अख्खा गोल छापतात. वेल कुठून सुरू झाली ते शोधून दाखवा, चहा पाजतो, असं तो म्हणाला. वहिनीनं प्लेट दोनदा फिरवली. जोड सापडला नाही, आणि चहाही मिळाला नाही.

---

डॉक्टरबाई दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीवर बसून खुर्चीचीच फाटलेली उशी शिवत होत्या. डोळे सुजले होते. त्यांनी एक टाका घातला, गाठ मारली, दोरा कापला. मग दुसरा टाका, दुसरी गाठ, परत कात्री.

"असं कुणी शिवतं का?" भाऊजी म्हणाले.

"मी शिवते. हिरडी अशीच शिवतात, एक टाका सुटला तरी बाकीचे धरून राहतात. माझ्या हाताला दुसरं येतच नाही. मास्तरांची पिशवीही अशीच शिवून दिली होती." मग त्यांचा आवाज चढला. "मला चोर म्हणाले. फोनवर. बावीस वर्षांत त्यांचे चार दात मी फुकट काढलेत."

फोटो त्यांनी दाखवला. पुस्तिका आजच छापून आली होती. पानभर मोठा फोटो, नदीवर तपकिरी डाग अगदी ठसठशीत.

भाऊजींची नजर कपाटाकडे गेली. दात पांढरे करायच्या औषधाची खोकी तिथे ओळीनं लावलेली होती. त्यांनी वहिनीकडे असं बघितलं की जणू खजिनाच सापडला. वहिनीनं पुस्तिकेची एक प्रत मागून घेतली आणि निघाली.

"वहिनी, बाईंनीच तो डाग..."

"भाऊजी, पिशवी कशी शिवली होती?"

"दोऱ्यानं," भाऊजी म्हणाले.

वहिनीनं कपाळावर हात मारला.

---

मास्तरांचं दुकान होतं तिथे आता सुनेचं पार्लर होतं. लग्नाला आठच महिने झालेले, नवरा नोकरीसाठी बाहेरगावी. घरात ही आणि सासरे, दोघंच. तीन खुर्च्या, आरशाखाली केसांचा रंग उडवायच्या औषधाच्या बाटल्यांची रांग, आणि कोपऱ्यात टोपीसारखा डोक्यावर येणारा गरम हवेचा ड्रायर.

ड्रायरखाली बसलेली बाई कुरकुरत होती. मागच्या आठवड्यात पाच दिवस या ड्रायरवर टॉवेल टाकून ठेवला होता, बंद आहे म्हणून ओल्या केसांनी घरी जावं लागलं आणि सर्दी झाली ती झालीच.

"बिघडला होता," सून म्हणाली.

भाऊजींना घरचा पंखा आठवला. त्यांनी दुरुस्तीवाल्याचा नंबर मागितला.

सून गडबडली. "आपोआप चालू झाला."

प्लेटची पिशवी आली तशी कपाटात ठेवली होती, असं तिनं सांगितलं. एवढं बोलताना तिनं तीनदा विचारलं की मामंजी आणि डॉक्टरबाई बोलले का. शेवटी हळूच म्हणाली, "ते सकाळपासून जेवले नाहीत. मी वाढलं होतं."

वहिनीनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. आवाज नेहमीपेक्षा मऊ करून तिला उद्या नऊला वाचनालयात यायला सांगितलं.

---

रविवारी नऊ वाजता हॉलमध्ये बारा खिळे ठोकलेले होते. सहांवर बाईंच्या प्लेटा, सहा रिकामे. वहिनीनं बोलावलं म्हणून आलेले मास्तर एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला. मधे दुकानदार मजा बघायला आलेला. सून दाराशी उभी होती.

"चोरी झालीच नाही," वहिनी म्हणाली. "मास्तर, ही तुमचीच प्लेट आहे."

मास्तर उसळले. वहिनीनं हातानंच गप्प केलं आणि पुस्तिका उघडून प्लेटशेजारी ठेवली.

"काठ बघा. फोटोत खाली अर्ध्या फुलाला अर्धं पान चिकटलंय. या प्लेटवरही तेच फूल, तेच पान, तीच जागा. नव्या नकलेला जोडच नसतो, हे या शेठनी दाखवलं. जुन्या प्लेटांना असतो, पण हातानं बसवलेला, त्यामुळे प्रत्येकीचा वेगळा. तुम्ही जन्मभर कपड्यांची शिवण तपासलीत मास्तर. नेमकी हीच तपासली नाहीत, कारण रागानं प्लेटकडे बघतच नव्हता."

मास्तर पुढे आले. बोटानं फूल चाचपलं, मग पान. बराच वेळ बोट तिथून हललं नाही.

"मग डाग गेला कुठे?" भाऊजींनी विचारलं.

"धुतला. पिशवीच्या अस्तरावर प्लेटच्या बुडाएवढा फिकट गोल आहे. पाण्यानं मरूनचा नारिंगी होत नाही. रंग उडवायच्या औषधानं होतो. प्लेट त्या औषधात भिजवली आणि पुरती सुकायच्या आत पिशवीत घातली."

सगळ्यांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं.

"बाईंकडे तसलं औषध आहे, खरं. पण बाई प्रत्येक टाक्याला गाठ मारतात. पिशवी त्यांनी तशीच शिवून दिली होती. मास्तरांना मिळाली ती धावदोऱ्यानं शिवलेली. म्हणजे बाईंनी दिल्यानंतर कुणीतरी ती उसवली आणि परत शिवली. आणि असला जुना डाग एका दिवसात निघत नाही. तो औषधात बुडवून चारपाच दिवस ऊब द्यावी लागते. आता अशी ऊब..."

"ड्रायर," भाऊजी एकदम म्हणाले. "आपोआप चालू झाला तो." आणि एवढा वेळ आपल्याला कळलं कसं नाही, म्हणून स्वतःच ओशाळले.

वहिनी थांबली. तिनं दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

सून स्वतःच पुढे आली. हात एकमेकांत घट्ट धरलेले. "मी केलं मामंजी. मला वाटलं मळ आहे. सगळं गाव बघायला येणार, तुमचीच प्लेट डागाळलेली दिसणार. म्हणून केसांचं औषध ओतलं आणि पाच दिवस ड्रायरखाली ठेवली. तुम्हाला आनंद होईल असं वाटलं. पण तुम्ही पिशवी उघडलीत आणि लगेच चोर चोर म्हणायला लागलात. मग माझं तोंडच उघडेना."

शेठनी पोटावरचा हात काढला.

मास्तर आधी सुनेकडे गेले नाहीत. हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेले. "बाई," ते म्हणाले, "उरलेले दात पैसे देऊन काढीन."

"दुप्पट घेईन," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "आणा ती इकडे. धुतल्यावर मी अजून बघितलेली नाही."

त्यांनी दात बघायचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढवला, नदीपाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"मास्तर, इथे होडी आहे."

"होडी नाहीये त्या चित्रात. बावीस वर्षं बघतोय मी."

"बावीस वर्षं डाग बघताय. होडी आहे, आत दोन माणसं. एक बाई, एक बुवा. बुवा हातवारे करतोय."

मास्तरांनी चष्मा जवळजवळ ओढूनच घेतला. मग बघत राहिले. बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून सून घाबरली, पण मास्तर हसत होते.

"इकडे ये ग," ते म्हणाले. आठ महिन्यांत त्यांनी तिला असं जवळ बोलावलं नव्हतं. चष्मा त्यांनी स्वतः तिच्या डोळ्यांवर लावला. "बघ. या होडीवर पहिली नजर तुझी पडायला हवी होती."

सून वाकली. "बाईच्या हातात काहीतरी आहे मामंजी."

"छत्री," मास्तर म्हणाले.

"वल्हं आहे ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "होडी तीच चालवतेय, म्हणून तर बुवाला भांडायला हात मोकळे आहेत."

मास्तरांच्या उरलेल्या पाच भाऊजींनी पळत जाऊन घरून आणल्या. दहा वाजता दारं उघडली तेव्हा बारा खिळ्यांवर बारा प्लेटा होत्या आणि लोक नेमके त्या एका पांढऱ्याशुभ्र प्लेटपाशी गोळा होत होते. ही इतकी स्वच्छ कशी, असं जो तो विचारत होता. मास्तर प्रत्येकाला सुनेकडे पाठवत होते. "तिला विचारा. ते काम तिचं. मी फक्त मालक."

आणि लोक तिकडे वळले की ते आणि बाई लगेच परत छत्री की वल्हं यावर यायचे.