मागच्या दाराचं कुलूप

माझी कामातली जोडीदारीण त्या दिवशी आली नाही, म्हणून सुपरवायझरने चादरीचं दुसरं टोक एका नव्या पोराच्या हातात दिलं. हॉटेलच्या चादरी धुण्याचा कारखाना आमचा. घडी घालताना दोघांना एकमेकांकडे चालत यावं लागतं. हा आला तो थेट अंगावर.

"तुझं डावं ते माझं उजवं," मी म्हटलं.

"मग आपलं जमायचं कसं?"

"आपलं नाही... चादरीचं बघ."

हसला मेला. जोडीदारीण परत आलीच नाही, पुढे सवय झाली — बोटांना बोटं लागायची आणि दोघंही मान खाली घालून चादर बघायचो. या देशात राहायचे कागद आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. त्यामुळे आम्ही ये-जा करायचो त्या मागच्या दाराला मालक कामाच्या वेळी कुलूप लावायचा, कुणी तपासायला येऊ नये म्हणून. तुमच्याच भल्यासाठी, म्हणायचा. भलं कसलं, आत नुसती वाफ.

एक दिवस इस्त्रीवाली मावशी चक्कर येऊन पडली. किल्ली सापडेपर्यंत ती तशीच. शुद्धीवर येताच विचारते, "चादर जळली का गं?" माझं डोकंच फिरलं.

जेवणाच्या सुट्टीत ठरलं, कुलूप निघेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. पण मालकाशी बोलणार कोण? जो बोलेल त्याला मालक पोलिसांत धरून देणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

"मी बोलतो," तो म्हणाला. "माझ्यामागे रडायला कोणी नाही."

"आणि मी काय भिंत आहे?"

सगळ्यांसमोर बोलून गेले. मावशी उगाच खोकली. तो माझ्याकडे बघतच राहिला... मध्ये चादर नव्हती.

तो बोलला. मालकाने फोन उचलला. "कागद दाखव."

"माझ्याकडेही नाहीत," मी म्हटलं. मग मावशी उठली, मग एकेक करून सगळेच. सगळ्यांना धरून दिलं तर संध्याकाळच्या चादरी कोण देणार? मालकाने फोन ठेवला आणि कुलूप काढलं. राग मात्र त्याच्यावर काढला. "तू उद्यापासून येऊ नकोस."

आम्ही परत अडून बसणार होतो. त्यानेच नको म्हटलं. "दार उघडलंय, तेवढं राखा."

मी दारापर्यंत गेले.

"बरं... जातो."

"जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

"कुठे येऊ?"

आमच्यासारख्यांनी पत्ता कुणाला सांगायचा नसतो. मी मजल्यासकट सांगितला.