उष्टा भात

"अहो ताई, हे बुरिटो म्हणजे गोड असतंय की तिखट?"

जोयड्याच्या रस्त्याकडेला निघालेल्या त्या नव्या मेक्सिकन हॉटेलच्या पाटीसमोर उभा राहून तो मला विचारत होता. मी नुकतीच बसमधून उतरले होते, धुळीपायी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. त्यामुळे त्यानं मला ओळखलं नाही. मी मात्र त्याला लगेच ओळखलं. आईनं त्याचा फोटो मला इतक्यांदा दाखवला होता... इथल्याच कुंभारवाडा गावचा महाबळेश्वर. ज्याला नकार द्यायला मी बेळगावहून आले होते, तोच हा.

"तिखट," मी म्हणाले. "का हो, कधी खाल्लं नाही वाटतं?"

"कुठलं हो! एक मुलगी येणार हाय, बेळगावची. तिला असलं आवडत असंल म्हणून हितं बोलावलंय." मग जरा हळू आवाजात, "भ्या वाटतंय."

"का? मुलगी फटकळ आहे की काय?"

"फोटोत तरी न्हाई वाटली. डोळे लई चांगले हायत तिचे..."

एवढं बोलून त्यानं माझ्या डोळ्यांकडे बघितलं. बघतच राहिला. मग हळूहळू त्याचे कान लाल झाले.

मी स्कार्फ सोडला. "मी सुमंगला. आणि ताई म्हणू नका, निदान आज तरी."

खरं सांगायचं तर माझं उत्तर घरूनच ठरलं होतं. आई मूळची इथल्याच जंगलातल्या अणशीची. अर्धं आयुष्य बसची वाट बघण्यात गेलं, असं तीच म्हणते. बेळगावात माझं ब्लाउज शिवायचं काम छान चाललं होतं, ते सोडून मी जंगलात कशाला जाऊ? फक्त फोनवर नाही म्हणणं बरं दिसेना. चांगलंचुंगलं जेवायचं, तोंडावर नकार द्यायचा आणि संध्याकाळच्या आत घरी... असा साधा बेत होता.

जेवण आलं आणि निम्मा बेत तिथेच फसला. बुरिटो उघडला तर आत कालची उसळ निघाली, तीही गार. वरची पोळी चिवट. चीज दातांना चिकटून बसलं ते सुटेना. नाचोज म्हणजे सर्दी झालेले पापड. आणि सोबतचा तो लाल भात... वरून आंबट, आतून कच्चा.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नुसते चावत राहिलो.

"छान हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"वेगळं आहे."

"व्हय... वेगळं हाय."

मग मला हसू फुटलं, आणि त्यालाही. हसताना त्यानं मान खाली घातली तेव्हा त्याच्या केसांत अडकलेली भाताची काडी दिसली. कापणी अर्धी टाकून आला असणार. ती काडी मला तिथेच बरी वाटत होती.

"एक विचारू?" मी म्हणाले. "तुमच्याकडे बस किती येतात?"

मला वाटलं, आता सारवासारव करेल.

"कमी. त्याबी आल्या तर. घरात रेंज न्हाई, टेकाडावर जावं लागतंय." तो ताटाकडे बघत बोलत होता. "याआधी आलेल्या दोघींनी रस्ता बघूनच नको म्हटलं. मला राग न्हाई आला. तुम्हीबी नको म्हणणार असाल, तर म्हणा... पण आधी जेवा. उपाशी जाऊ नका."

नकार ओठांवर होता, आणि तोंडातून भलतंच निघालं. "आणि माझं शिवणकाम?"

"मशीन कुठंबी चालतंय की. करंट असला तर. नसला तर पायाचं घेऊ या."

घेऊ या... आपण काय बोललो हे त्याचं त्याला कळलंही नव्हतं. मला कळलं. मी मान खाली घालून भात चिवडत बसले, आणि शेवटी ताट बाजूला सारलं.

"न्हाई गेला?"

"नाही हो जात."

"मग टाकू नका. भात हाय तो."

असं म्हणून त्यानं माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि माझ्याच चमच्यानं खायला लागला. तोंड वेडंवाकडं न करता, निवांत. दोनतीन घास झाले आणि एकदम त्याचा हात थांबला.

"हे... उष्टं हाय तुमचं," तो पुटपुटला. "चुकलंच माझं. आमच्या घरात पानात टाकत न्हाईत, त्या सवयीनं... माफ करा."

माझी आई जन्मभर बाबांच्या उष्ट्या ताटात जेवली. प्रेमानं जेवते, म्हणते. पण बाबांनी तिच्या ताटातला एक घास उचललेला मी कधी पाहिला नाही. आणि हा माणूस, ओळख जेमतेम तासाभराची... माझा टाकलेला भात खाऊन वर माझीच माफी मागत होता. तो मला आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता, आणि ते मला त्या भिकार भातापाशी कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. आईच. तिला कुठला धीर!

"जेवलीस? कसं होतं?"

"अगदी बेकार, आई."

समोर त्यानं चमचा हळूच ताटात ठेवला. चेहरा पार उतरला होता, तरी माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली... जाऊ दे, असू दे, अशी.

"मग काय, नाही कळवू त्यांना?" आईनं विचारलं.

मी हात लांब करून त्याच्या केसांतली काडी काढली.

"जेवण बेकार होतं म्हटलं मी. त्यांना होय कळव."

पलीकडे आई काय काय म्हणत राहिली, मी ऐकलंच नाही. तो नुसता बघत राहिला, कान पुन्हा लालेलाल. मग त्यानं चमचा उचलला, उरलेल्या भाताचा एक घास घेतला आणि चोरून आजूबाजूला बघत माझ्यापुढे धरला.

"लई वाईट हाय हां..."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि आ केला.