चौथा बोल्ट

आक्का घसा फुटेस्तोवर सांगत होती, पण कोणाचा म्हणून विश्वास बसला नाही. ना वस्तादाचा, ना शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, ना पोटच्या पोरीचा. "बोल्ट मी आवळला होता. लाल ठिपका मी दिला होता. वर निळाही पडला होता." वर्षभर तिनं हीच तीन वाक्यं घोकली, आणि ऐकणारे एकमेकांकडं बघून म्हणायचे, धक्क्यातून सावरली नाही बिचारी. बिचारी म्हटलं की आक्काच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिव्या द्या, पण बिचारी म्हणू नका.

वस्तादाच्या कारखान्यात फक्त जुन्या मोटारसायकली यायच्या. ज्यांचे मालक कधीच मातीत गेले आणि ज्या अजून धावायचं म्हणतात, अशा. तिथं एक नियम होता. इंजिनाच्या आतला बोल्ट ज्यानं आवळला त्यानं त्याच्या डोक्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. मग दुसऱ्यानं पाना लावून तपासायचा आणि शेजारी आपला ठिपका द्यायचा. दोन ठिपके नसतील तर इंजिन बंद होत नाही. वस्तादाचा रंग पांढरा. आक्काचा लाल, नेलपॉलिशचा; जन्मात नखाला लावली नाही ती बाईनं बोल्टांना लावली. तिच्या नवऱ्याचा निळा, एका छोट्या पत्र्याच्या डब्यातला.

आणि भिंतीवर एक काळा फळा. ज्याच्या हातून चूक होईल त्याचं नाव त्यावर खडूनं लिहायचं. त्या गाडीचं काम नव्यानं होऊन ती रस्त्यावर धावली की पुसायचं.

एक वर्ष झालं, फळ्यावर नाव होतं: आक्का.

दोन सिलिंडरची ती गाडी नवऱ्याच्या जिवाची. उतारावर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचा एक बोल्ट तुटला, रॉड इंजिन फोडून बाहेर आला, मागचं चाक जाग्यावर जाम झालं. माणूस उडाला तो दगडावरच. नंतर इंजिनाच्या तेलात बोल्टाचं शेपूट सापडलं. डोकं सापडलंच नाही. उरलेल्या तीन बोल्टांवर लाल-निळे ठिपके शाबूत होते. "चौथा तुम्ही विसरलात," वस्ताद म्हणाला, "आणि नवरा तुमच्या भरवशावर राहिला." तपासायचं काम नवऱ्याचं होतं. पण मेलेल्या माणसाचं नाव फळ्यावर कोण लिहिणार?

पोरगी तेव्हापासून आईशी कामापुरतं बोलायची. लहानपणी ही पोर नवरा-बायकोच्या भांडणात मधोमध येऊन उभी राहायची, म्हणून बाप तिला लाडानं 'वायसर' म्हणायचा. दोन लोखंडं एकमेकांना घासू नयेत म्हणून मधे घालतात ती चकती. ते नाव बापाच्याच तोंडचं. आईनंसुद्धा कधी वापरलं नाही. तो गेला तसं नावही गेलं.

आता वर्षानंतर तीच गाडी वस्तादानं पुन्हा बांधायला घेतली होती. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती, आणि बापाच्या आठवणीत ती पोरगी चालवणार होती. आक्काच्या हाती पाना द्यायचा नाही, असा वस्तादाचा हुकूम. तिनं फक्त रॉकेलमध्ये भाग धुवायचे.

बुधवारी जेवायच्या सुट्टीत आक्का विसरलेला चष्मा घ्यायला परत आली. बाहेर टळटळीत ऊन. शटर अर्धं खाली, आत अंधार आणि गार फरशीचा वास. ती वाकून आत शिरणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

कट्ट.

पाना नेमक्या जोरावर पोचला की देतो तो आवाज. वीस वर्षं कानावर पडलेला. कट्ट. मग थोडं थांबून, कट्ट. आक्का चौथ्याची वाट बघत राहिली, कारण रॉडचे बोल्ट चार. चौथा आला नाही. आत कोणीतरी श्वास रोखून उभं असावं तशी शांतता... आणि ओल्या रंगाचा वास.

तिनं शटर वर लोटलं. आत कोणी नव्हतं. लाकडी ठोकळ्यांवर इंजिनाचा क्रँक, त्यावर बसवलेले दोन रॉड, वर फडकं. पाना भिंतीवरच्या खिळ्याला. पण तो हलत होता, नुकताच कोणी अडकवल्यासारखा.

आक्कानं फडकं उचललं. चार बोल्टांवर वस्तादाचे पांढरे ठिपके. तीन बोल्टांवर पांढऱ्याशेजारी निळा. तिनं बोट लावलं. बोट निळं झालं.

"हे तुम्हीच केलंत," जेवून परतलेला वस्ताद म्हणाला. "फळ्यावरचं नाव पुसावं म्हणून."

"माझ्या कपाळावर वेडी लिहिलंय का? डबा बघा की त्याचा!"

डबा फळीवर होता तिथंच होता, वर बोटभर धूळ, झाकण सुकून जाम. वस्तादानं तो कानाशी हलवला, परत ठेवला आणि थिनरनं निळे ठिपके पुसले. गुरुवारी सुट्टीनंतर ते पुन्हा तिथंच. शुक्रवारीही. तीनच. चौथ्यावर नुसता पांढरा.

"आई, बस कर गं," पोरगी दातओठ खात म्हणाली. "लोक हसतात."

"हसू देत. तू उद्या दुपारी माझ्यासोबत इथं बस. काही झालं नाही तर मी जन्मभर तोंड उघडणार नाही."

"तू आणि गप्प? त्यासाठी तर नक्की बसते."

शनिवारी वस्ताद जेवायला गेला. दोघींनी शटर आतून पूर्ण खाली ओढलं. झरोक्यातून एक उन्हाची पट्टी तेवढी फरशीवर पडली होती. पोरगी ठोकळ्याला टेकून उभी. बराच वेळ काही नाही. पंख्याचं पातं वाऱ्यानं जरासं फिरलं, थांबलं.

"बघ, काही ना..."

कट्ट.

पोरीनं आईचा हात धरला. वर्षभरात पहिल्यांदा. फडक्याखाली काहीतरी सरकलं, जसं कोणी सवयीचा हात पुढच्या बोल्टाकडं नेतो. कट्ट. रंगाचा वास नाकात झोंबायला लागला. कट्ट.

मग थांबलं.

"आई... चौथा?"

"थांब."

चौथ्याऐवजी फळीवर खुळखुळ झालं. डब्यात काहीतरी होतं, आणि ते आतून पत्र्यावर आपटत होतं. बुधवारी वस्तादानं हलवला तेव्हा त्यात काही वाजलं नव्हतं. भ्यायचं ते काम केल्यावर, अशी आक्काची रीत. तिनं पेचकस घातला आणि झाकण उचकटलं.

रंग ओला होता. कालच भरल्यासारखा. तिनं त्यात दोन बोटं घातली आणि बोल्टाचं तुटकं डोकं बाहेर काढलं. एप्रनला पुसलं. त्यावर ठिपका नव्हता, ना लाल ना निळा. कंपनीचा जुना शिक्का होता. मूळ गाडीसोबत आलेला बोल्ट. आक्कानं आवळलेले चारही नवेकोरे होते. रॉडचा बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो. काढलेला परत घालायचा नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"हा इंजिनात कसा गेला?" आक्कानं विचारलं, आणि वर बघताच तिला उत्तर मिळालं. पोरीचा चेहरा पांढराफटक.

"मी... मी बदलला होता," ती पुटपुटली. "ठिपके देऊन तुम्ही दोघं जेवायला गेलात तेव्हा. सगळे नवे बोल्ट घातले होते गं तुम्ही... मला वाटलं, एक तरी अस्सल राहू दे गाडीचा. जुन्यातले तीन झिजले होते, हा चांगला दिसत होता. बाबांना नंतर सांगणार होते... हसले असते..." तिनं बाहीनं नाक पुसलं. "मग सगळे म्हणाले, आई विसरली. आणि मी गप्प बसले."

वर्षभर ज्या शब्दांसाठी आक्कानं जिवाचं रान केलं, ते समोर पडले होते. उचलायचे आणि वस्तादाच्या तोंडावर मारायचे, एवढंच बाकी होतं.

शटर खडखडत वर गेलं. वस्ताद दारात. उघडा डबा, निळी बोटं, हातातलं ते डोकं, सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं.

"जुना बोल्ट?" तो सावकाश म्हणाला. "कोणी घातला होता?"

पोरीनं तोंड उघडलं. आक्कानं तिला कोपरानं मागं ढकललं.

"मी," आक्का म्हणाली. "माझीच चूक. झालं समाधान? लिहा फळ्यावर ठळक."

आणि तेव्हा चौथा आवाज आला.

कट्ट.

ठोकळ्यावरून नाही. पोरीच्या पाठीमागून, तिच्या मानेशी.

"कोण आवळतंय तिकडं?" वस्तादानं विचारलं. पाना खिळ्यालाच होता. पोरीनं हळूच मानेवर हात फिरवला आणि पुढं आणला. बोटाचं टोक निळं.

थिनरनं तो ठिपका गेला नाही, रॉकेलनं नाही, साबणानं नाही. केसांखाली, बोल्टाच्या डोक्यावर देतात तेवढाच, तितकाच गोल. आक्कानं त्याच संध्याकाळी चौथा बोल्ट काढून एप्रनच्या खिशात टाकला. वस्ताद ओरडला, हातापाया पडला, तिनं दिला नाही. रविवारची फेरी त्या गाडीशिवाय निघाली. पोरगी आता मान वळवताना जपून वळवते. म्हणते, आत काहीतरी जास्त घट्ट झालंय.

रोज कारखाना बंद होताना आक्का खडू घेते आणि फळ्यावर आपल्या चौथीपर्यंत शिकलेल्या गोल अक्षरात स्वतःचं नाव लिहिते. कुलूप स्वतः लावते, किल्ली उशाखाली घेऊन झोपते. आणि रोज सकाळी सर्वांच्या आधी, हातात थिनरचं फडकं घेऊन ती शटर उचलते. खडूचा मागमूस नसतो. फळ्यावर ओला निळा रंग ओघळत असतो, आणि अक्षर असतं नवऱ्याचं: वायसर.