संरक्षित प्रतीक्षा

पडद्यावरची रेघ फार सरळ होती.

पोटातल्या निरोगी बाळाच्या हृदयाची रेघ अशी नसते. ती दातेरी असते, करवतीच्या पात्यासारखी. बाळ हात हलवतं, त्याला उचकी लागते, आईला कळ येते, आणि दर वेळी हृदयाचा वेग थोडा चढतो, थोडा उतरतो. मेंदू जागा आहे आणि हृदयाला लगाम घालतो आहे, हे बाहेरच्यांना त्या दातांवरूनच कळतं. अन्विता मगदूमच्या बाळाची रेघ मात्र पट्टी धरून ओढल्यासारखी चालली होती. डॉ. सुमेधा लाटकर बराच वेळ ती बघत उभी राहिली.

"किती छान आहे नाही?" मागून अन्विताच्या सासूबाई, वैजयंतीबाई म्हणाल्या. "सकाळपास्नं एकदा वर नाही का खाली नाही. गुणाचं आहे."

सुमेधा नवजात बालकांची डॉक्टर. मितप्राण हे औषध दिलेल्या प्रत्येक बाळंतपणाला तशी एक डॉक्टर हजर हवी, असा नियम होता, म्हणून ती हजर होती. तिच्याकडून कोणाला याहून जास्त काही नको होतं.

मिरजेच्या त्या प्रसूतिगृहात या खोलीला प्रतीक्षा कक्ष म्हणत. भिंती फिक्या जांभळ्या, पडदे त्याहून फिके. छतालगतच्या पट्टीवर चालू नक्षत्राचं नाव उजळत असे. आत्ता तिथे लाल अक्षरांत 'आश्लेषा' होतं, गॅसगळतीचा इशारा द्यावा तसं. पहाटे अन्विताचं पाणी गेलं होतं. एका सलाइनमधून कळा थोपवणारं जुनं औषध चाललं होतं, दुसऱ्यातून मितप्राण. संध्याकाळी आश्लेषा संपून मघा लागणार होती. तोवर बाळाने आत थांबायचं होतं. प्रसूतिगृहाच्या माहितीपत्रकात या प्रकाराला 'संरक्षित प्रतीक्षा' असं देखणं नाव दिलेलं होतं.

उशाजवळचं पांढरं यंत्र किणकिणलं आणि गोड बाईच्या आवाजात म्हणालं, "अन्विता मगदूम, प्रतीक्षा सुरू ठेवायची का?"

हे संमतीयंत्र. ते ठरावीक वेळाने विचारी आणि फक्त आईच्या आवाजातलं उत्तर मानी. तसा कायदाच होता. बाईला विचारलं की बाईचं मत कळतं, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं.

"हो म्हण," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"हो," अन्विता म्हणाली.

"आश्लेषाचं मूल लई जड असतंय ओ मॅडम," वैजयंतीबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "मुलगा झाला तर आईबापाला जड. मुलगी झाली तर पुढं तिच्या सासूला."

"त्या सासूबाईंचं लग्न तरी झालंय का अजून?" सुमेधाने विचारलं.

पलंगावर अन्विताचे ओठ किंचित हलले. वैजयंतीबाईंना विनोद कळला नाही, किंवा कळूनही तो त्यांनी आपल्या दर्जाचा मानला नाही.

मितप्राण सुमेधाच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडला होता. सह्याद्रीच्या सड्यांवर, जांभ्या दगडाच्या भेगांत एक लहानसा बेडूक उन्हाळाभर जवळजवळ श्वास न घेता पडून राहतो आणि पाऊस आला की काहीच न घडल्यासारखा उड्या मारत निघून जातो. त्याच्या मेंदूत सापडलेल्या एका रेणूवरून तिने हे औषध बनवलं होतं. जन्माच्या वेळी नाळ दबली किंवा वार आधीच सुटली, की बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. मेंदूच्या साऱ्या पेशी तेव्हाच मरत नाहीत. पुष्कळशा नंतर, प्राणवायू परत मिळाल्यावर, दुसऱ्या लाटेत मरतात. पूर्वी अशा बाळाला जन्मल्यावर तीन दिवस थंड ठेवत, ती लाट ओसरावी म्हणून. मितप्राण त्याच्या आधी पोचे: सलाइनमधून आईला, वारेतून बाळाला. मग पेशी आपली भूकच कमी करत आणि थोडक्या प्राणवायूत भागवत.

चांदोलीच्या वरच्या वाड्यांतल्या बायकांसाठी ते औषध होतं. अडलेल्या बाईला घेऊन रुग्णवाहिका घाट उतरेपर्यंत बाळाचा मेंदू टिकावा, एवढंच त्याचं काम. ते त्याने चोख केलं. मग सपाटीवरच्या लोकांची त्याच्यावर नजर गेली. वाडीतल्या बाईचा जो वेळ नाइलाजाने जात होता, तोच यांना हौसेने हवा होता. पूर्वी मुहूर्तासाठी सिझेरियन फार तर आधी करता येई. बाळ निघालं की त्याला थांबवता येत नसे. आता येऊ लागलं. गेल्या वर्षापासून रुग्णवाहिकांना मितप्राण उशिराने मिळत होता. मागणी प्रसूतिगृहांकडून जास्त होती.

दार ढकलून श्री. ग्रामोपाध्ये आत आले. जाकीट, चकचकीत बूट, हातात टॅब. छातीवरच्या पट्टीवर 'जन्मवेळ नियोजक' असं लिहिलेलं होतं. त्यांच्यामागे अन्विताचा नवरा, पृथ्वीराज, फोन कानाला लावूनच आला.

"वहिनी, एक सूक्ष्म गोष्ट आहे," ग्रामोपाध्ये वैजयंतीबाईंना म्हणाले. "मघा लागते संध्याकाळी. पण मघा नक्षत्राचं पहिलं चरण म्हणजे गंडांतच, दोन राशींच्या सांध्यातली अशुभ वेळ. आश्लेषातून उठायचं आणि गंडांतात बसायचं, याला अर्थ नाही. ते चरण ओलांडू. मध्यरात्र होईल, पण पत्रिका अशी निघेल की बघत राहाल."

"मग ओलांडू की," वैजयंतीबाई म्हणाल्या. "एवढं थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला घाई?"

"मध्यरात्र?" सुमेधा म्हणाली.

"विज्ञानाने वेळ दिलाय मॅडम," ग्रामोपाध्ये हसले. "तुमच्याच विज्ञानाने. मग त्यातली चांगली वेळ का घेऊ नये?"

"आणि मला जेवायला कधी मिळणार?" अन्विताने विचारलं.

"बाळासाठी एवढं नाही करणार?" पृथ्वीराज म्हणाला, आणि फोनवर म्हणाला, "नाही नाही, तुला नाही. बोल."

सुमेधा खोलीबाहेर पडली. सकाळपासून तिच्या डोळ्यांसमोरून एक गोष्ट हलत नव्हती. आल्या आल्या ती लसीकरणाच्या खोलीत डोकावली होती. याच कक्षातल्या प्रतीक्षेनंतर जन्मलेला सात महिन्यांचा एक मुलगा तिथे आईच्या मांडीवर बसला होता. अंगाने गुटगुटीत. मेंदूची तपासणी निर्दोष, वाढ वेळेवर. त्याच्या पायाच्या अंगठ्याला नाडी मोजणारा चिमटा सुमेधाने स्वतः लावला होता. काही दिवसांपासून ती प्रत्येक बाळाला तो लावत असे. नर्सने सुई टोचली. चिमट्याचा आकडा झपकन वर गेला. हृदय धडधडत होतं, तळव्यांना घाम सुटला होता. मुलाचा चेहरा मात्र तसाच राहिला. तो आपल्या मांडीतल्या सुईकडे बघत होता, पाहुण्याच्या चपलांकडे बघावं तसा.

"बघा, मुहूर्ताचं बाळ!" त्याची आई अभिमानाने म्हणाली. "भूक लागली तरी रडत नाही. मलाच आठवण ठेवावी लागते."

त्याला दुखत होतं. फक्त ते सांगण्याची वाट त्याच्यात तयार झाली नव्हती. जन्माआधीच्या त्या तासांत मेंदूने ती वाट बांधायची असते आणि त्याच तासांत त्याला गप्प बसवलेलं होतं. निदान सुमेधाला तसं वाटत होतं. अशी मुलं तिने आणखीही पाहिली होती. एकाही आईबापाने तक्रार केली नव्हती. उलट कौतुकाचे अभिप्राय दिले होते. मूल शांत आहे, त्रास देत नाही, याहून मोठं सुख या लोकांना ठाऊक नव्हतं. दोष कोणता, तर मूल तक्रार करत नाही. तो दोष आहे हे त्यांना कोण पटवणार होतं?

प्रसूतिगृहाचा मालक डॉ. हेमंत शेटे आपल्या केबिनमध्ये चहा पीत होता. दोघं मिरजेत एकाच वर्गात शिकली होती.

"ते लोक मध्यरात्रीपर्यंत ओढताहेत," सुमेधा म्हणाली. "आत्ता सिझेरियन कर."

"रेघ बघितलीस? सोन्यासारखी आहे."

"रेघ सरळ आहे, कारण मेंदू हृदयाशी बोलत नाहीये. बाळ गुदमरलं तरी ती तशीच राहील. आपण धोका घालवला नाही हेमंत, धोक्याची घंटा काढून टाकली."

"हे तुझ्या त्या न रडणाऱ्या मुलांवरून?" हेमंतने बशी बाजूला सरकवली. "किती आहेत ती?"

"थोडी."

"छापलंस कुठे?"

"अजून नाही. आणखी निरीक्षणं हवीत."

"मग आण." तो मोकळेपणाने हसला. "सुमेधा, तू सड्यावर बेडूक पकडत होतीस तेव्हापासून मी बाळंतपणं करतोय. लोक मला सांगतात, डॉक्टर, दुसरं मूलही तुमच्याकडेच. का? तर पहिलं रडत नाही. तू म्हणतेस हा आजार. मी त्यांना काय सांगू, तुमचं मूल फार चांगलं आहे म्हणून इलाज करू?"

"होय. तेच सांग."

"वैद्यकीय कारण असेल तर मी आत्ता शस्त्रक्रिया करतो. तुझ्या मनातली शंका हे कारण नाही. नाहीतर पेशंटने 'नाही' म्हणू दे. यंत्रावर नोंद झाली की टेबल तयार. पण बघ हं, आजवर एकीनेही म्हटलेलं नाही."

हे सांगताना त्याचा चेहरा अगदी समाधानी होता. सुमेधाने त्याच्याकडे नीट पाहिलं. हुशार, हसतमुख, कधी आवाज न चढवणारा माणूस. रेघ सरळ आहे एवढं पाहून घरी जाऊन शांत झोपणारा. त्याच्या तोंडून 'आण' ऐकेपर्यंत तिला 'आणखी निरीक्षणं' हे शब्द शास्त्रीय वाटत होते. आता ते ग्रामोपाध्यांच्या 'आणखी एका चरणा'सारखेच ऐकू आले.

ती परतली तेव्हा ग्रामोपाध्ये गेले होते. पृथ्वीराज खिडकीशी उभा राहून दबक्या आवाजात फोनवरच होता. वैजयंतीबाई सुनेच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. हात मायेचा होता. त्यात खोटं काही नव्हतं. सुमेधा स्टूल ओढून पलंगाजवळ बसली.

"अन्विता, बाळ शेवटचं कधी हललं?"

अन्विताने आठवून पाहिलं. "सलाइन लावायच्या आधी. आई म्हणाल्या, झोपलंय."

"झोपलेलं बाळसुद्धा हलतं. ही रेघ सरळ आहे म्हणजे बाळ सुखात आहे असं नाही. सुखात असेलही. नसेल तर ते आपल्याला कळणार नाही, एवढाच तिचा अर्थ." मग सुईची गोष्ट तिने सांगितली, चिमट्याचा आकडा, घामेजलेले तळवे, मुलाचा चेहरा. काही वाढवलं नाही, काही गाळलंही नाही.

"काहीतरी काय मॅडम," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आमच्या शेजारच्या कदमांचा नातू इथलाच. तोंडातनं आवाज नाही पोराच्या. साऱ्या गल्लीत नाव आहे त्याचं."

"तोच तो," सुमेधा म्हणाली.

अन्विताने पोटावर हात ठेवला. "माझ्या बाळाचं तसं झालंय का?"

"माहीत नाही. जितकं थांबू तितकं वाढतं, एवढं मला कळलंय. बाळ अजून बाहेर यायचंय, आणि आल्यावर ते रडेल की नाही, हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही."

"मग तुम्हीच का नाही थांबवत? औषध तुमचंच आहे ना?"

प्रश्न सरळ होता. त्यात चीडही नव्हती, म्हणून तो जास्त लागला.

"औषध माझं आहे, ही खोली माझी नाही. डॉक्टर शेट्यांना रेघ दिसते. ग्रामोपाध्यांना गंडांत दिसतं. आणि मी इतके दिवस आकडे पुरे व्हायची वाट बघत बसले. या खोलीत 'नाही' म्हणता येणारी तू एकटीच आहेस."

"तिला काय कळतंय यातलं?" वैजयंतीबाईंचा आवाज चढला. "पोर आहे अजून. आम्ही तिच्या वाईटावर आहोत का? तूच सांग गं, आहोत का?"

"नाही, आई."

"मग झालं तर!"

"शूऽ," पृथ्वीराज म्हणाला. "कॉल चालू आहे."

यंत्र किणकिणलं. "अन्विता मगदूम, प्रतीक्षा सुरू ठेवायची का?"

"हो म्हण," वैजयंतीबाई म्हणाल्या.

अन्विता पडद्याकडे बघत होती. रेघ कोणतीही हरकत न घेता पुढे सरकत होती. यंत्राने थोडं थांबून, त्याच गोडव्याने, पुन्हा विचारलं.

"नाही," अन्विता म्हणाली. आवाज इतका लहान होता की पृथ्वीराजला तो ऐकूच गेला नाही. यंत्राला गेला.

"प्रतीक्षा थांबवण्यासाठी कारण नोंदवणे आवश्यक आहे," ते म्हणालं. "कृपया कारण सांगा."

सकाळपासून दिलेल्या एकाही 'हो'चं कारण त्याने विचारलं नव्हतं.

"सांग की," वैजयंतीबाई म्हणाल्या. "सांग कारण. आश्लेषातच कशाला पायजे तुला?"

पृथ्वीराजने फोन कानापासून दूर केला. सुमेधा हललीसुद्धा नाही. अन्विता कोपरावर जोर देऊन उठून बसली. सलाइनची नळी ताणली गेली. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग यंत्राकडे, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कारण सांगणार नाही. माझं बाळ आत्ता बाहेर काढा."